यासीनभाई आणि ओरिजनल माल

कतारमधल्या मराठी माणसाने आपली संस्कृती प्राणपणाने जपली आहे, असं आमच्या मंडळाच्या वार्षिक समारंभात दर वर्षी कुणी ना कुणी सांगतं. खरं असावं. पण संस्कृती प्राणपणाने जपणारा माणूस मी तिथल्या अकरा वर्षांत एकच पाहिला, आणि तो अमेरिकेच्या दक्षिण भागाची जपत होता.

यासीन मुकादम. मूळ गाव खेड तालुक्यात, मुक्काम अल वक्रा, नोकरी गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या कंपनीत स्टोअरकीपरची. दर शुक्रवारी जेवण झालं की हे गृहस्थ भर ऑगस्टमध्ये खोलीतला एसी बंद करायचे. खिडकीही लावून घ्यायचे. मग टू-इन-वनमध्ये एक कॅसेट जायची आणि साडेचार मिनिटं आम्ही घामाने निथळत एक गाणं ऐकायचो. वक्र्याला समुद्र अगदी जवळ. ऑगस्टमधली तिथली हवा नाकाने घ्यावी की चमच्याने, असा प्रश्न पडतो.

"एसी चालू ठेवून ऐकलं तर?" मी पहिल्याच शुक्रवारी विचारलं.

"तर मग एसीच ऐक ना सबनीस," यासीनभाई म्हणाले. "गाणं कशाला पाहिजे?"

यासीनभाईंचं प्रेम होतं सदर्न रॉक वाजवणाऱ्या एका बँडवर. दोन-तीन इलेक्ट्रिक गिटारी एकदम, भरपूर ढोल, आणि गाडीला उशीर झाल्यासारखा गाणारा गायक, असा तो प्रकार. बँडचं नाव मी इथे देत नाही. त्याचे चाहते अजून हयात आहेत, त्यांच्यात दोन पक्ष आहेत, आणि दोघांनाही पत्रं लिहायची हौस आहे.

भांडण असं की, या बँडचे पहिले तीन आल्बम मूळ माणसांनी केले. मग लीलँड नावाचा गिटारवाला सोडून गेला. पाठोपाठ गायक गेला, मग आणखी दोघं, आणि सातव्या आल्बमपर्यंत मूळ माणसांपैकी फक्त ढोलवाला उरला. आता सातव्या आल्बमवर जे वाजतं ते त्याच बँडचं म्हणायचं का?

यासीनभाईंनी या प्रश्नाकडे स्टोअरकीपरच्या नजरेने पाहिलं होतं. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारचा माल होता, ओरिजनल आणि तैवान. तैवानने त्यांचं काय बिघडवलं होतं कुणास ठाऊक, पण कुठलीही नक्कल त्यांच्यासाठी तैवान होती. "नवीन गायक बघा," ते म्हणायचे. "दिसतो तसाच, बसतो तसाच. पण सहा महिन्यांत खडखड सुरू. तैवान." लीलँड गेला त्याचं वर्णन ते असं करायचे, की जणू काही दोघं एकाच कॅम्पात राहत होते. "कंपनी बरोबर वागली नाही त्याच्याशी. माणसाने कंपनी सोडायचा रिलीज घेतला. खलास." चौथ्या आल्बमपासूनच्या कॅसेटी त्यांच्याकडे होत्या, पण फळीवर भिंतीकडे तोंड करून उभ्या असत.

विरुद्ध पक्ष म्हणजे प्रभुणे. हे पुण्याचे, माझ्याच कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियर, आणि मंडळाच्या कार्यकारिणीत कायम. "माणसं येतात-जातात यासीनभाई, संस्था टिकते," असं ते म्हणायचे. हेच वाक्य मी त्यांच्या तोंडून मंडळाच्या निवडणुकीतही ऐकलं होतं, फक्त तेव्हा जाणारी माणसं दुसरी होती.

"इंजिनियरसाहेब, तुमच्या गाडीचं इंजिन काढून दुसरं बसवलं, गिअरबॉक्स बदलला, सीट बदलली. गाडी तीच?"

"रजिस्ट्रेशन तेच असेल तर तीच."

"म्हणजे तुम्ही नंबरप्लेट चालवता."

अशी आमची शुक्रवारची दुपार जायची. यासीनभाईंचं कुटुंब गावी होतं, दोन वर्षांतून एकदा भेटणारं. आठवड्याचे सहा दिवस ते फिल्टर आणि ब्रेक-पॅड मोजायचे. गुरुवारी फोन करून "येताय ना?" विचारायचे. आवाज अगदी सहज, पण फोन तीन वेळा यायचा.

सगळे वाद संपवणारं शेवटचं शस्त्र म्हणजे ते एसी बंद करून ऐकायचं गाणं. दुसऱ्या आल्बमची ती कॉपी केलेली कॅसेट, आणि बी साइडच्या शेवटी हे गाणं. शब्द नाहीत, फक्त एक गिटार, मागे सतत एक घरघर. प्रभुण्यांच्या सीडीवर ते नव्हतं. यासीनभाईंनी त्याचा खुलासा केला होता, "लीलँडने एकट्याने वाजवलं. कंपनीने रागाने कापलं. पहिल्या मालात होतं, नंतरच्या मालात नाही." चाहत्याला दडपलेल्या गाण्याची गोष्ट सांगितली, की तो पुरावा मागत नाही. प्रभुण्यांनीही मागितला नाही. उलट मंडळाच्या स्मरणिकेत त्यांनी या गाण्यावर दोन पानी लेख लिहिला, आणि त्या घरघरीला 'अस्तित्वाची अखंड पार्श्वभूमी' म्हटलं. बाकी सगळ्या बाबतीत विरोधी पक्षात असलेला हा माणूस हे गाणं लागलं की डोळे मिटून घ्यायचा. "एवढं एक मान्य," तो म्हणायचा. "असं पुन्हा कुणी वाजवलं नाही."

सात वर्षं हे चाललं. मग प्रभुण्यांच्या मेव्हण्याने अमेरिकेहून त्या बँडचा संपूर्ण संच पाठवला. नऊ सीड्या आणि एक जाडजूड पुस्तिका. बँडने स्टुडिओत खाकरल्याचीसुद्धा त्यात तारीखवार नोंद होती. बुधवारी प्रभुणे माझ्या टेबलाशी आले आणि पुस्तिका उघडून समोर ठेवली.

"शोध," ते म्हणाले. "लीलँडचं ते गाणं शोध."

मी शोधलं. नव्हतं. कापलेल्या गाण्यांच्या यादीत नव्हतं, अर्धवट सोडलेल्यांतही नव्हतं.

"शुक्रवारी दाखवणार आहे मी त्यांना."

"कशाला? सोडून दे ना. त्या माणसाकडे शुक्रवारशिवाय आहे काय?"

"सबनीस, मी दोन पानं लिहिलीत त्यावर!" प्रभुणे म्हणाले. मग जरा सावरून, "आणि सत्य म्हणून काही असतं की नाही?"

सत्य दोन नंबरवर आलं हे माझ्या लक्षात आलं. यासीनभाईंना आधी फोन करून सांगावं असं मनात आलं होतं. सांगणार काय? गुरुवारी त्यांचेच तीन फोन आले, आणि तिन्ही वेळा मी फक्त "येतो" म्हणालो.

शुक्रवारी जेवण झालं. यासीनभाईंनी एसी बंद केला, खिडकी लावली. गाणं सुरू झालं. प्रभुणे मांडीवर पुस्तिका घेऊन बसले होते, आणि त्यांच्या कपाळावरचा घाम मुखपृष्ठावर ठिबकत होता. मी गाण्याकडे लक्ष द्यायचा प्रयत्न केला आणि त्या घरघरीकडेच लक्ष गेलं.

गाणं संपलं. प्रभुण्यांनी घसा साफ केला.

"यासीनभाई, एक विचारायचं होतं. हे गाणं यादीत नाही."

यासीनभाईंनी चष्मा लावला. पुस्तिका हातात घेतली आणि पॅकिंग लिस्ट तपासावी तसं एकेका ओळीवरून बोट खाली नेलं. घाई नाही. पानं संपल्यावर पुस्तिका मिटून परत दिली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "नसणारच. ते रॉयचं आहे."

"रॉय कोण? बँडमध्ये रॉय कुणी नव्हता."

"बँडमध्ये कुठला? आधीच्या नोकरीत, तेलाच्या प्लॅटफॉर्मवर. समुद्रात. रॉय क्रेन चालवायचा, मी तिथल्या स्टोअरला होतो. अलाबामाचा माणूस. या सगळ्या टेपा मला त्यानेच दिल्या, नाहीतर खेडच्या माणसाला हे कोण सांगणार? गिटार वाजवायचा. पण त्याचेच लोक हसायचे त्याला. बोलायचे, हात क्रेनवर ठेव. मग माझ्याकडे यायचा, स्टोअरमध्ये. चावी माझ्याकडे. मी आतून कडी लावायचो आणि तो दोरखंडाच्या गुंडाळीवर बसून वाजवायचा. एकदा मी टेपचं बटण दाबलं. बी साइडला जागा शिल्लक होती."

"आणि ती घरघर?" प्रभुण्यांनी अगदी हळू विचारलं.

"जनरेटर."

मी प्रभुण्यांकडे पाहिलं नाही. तेवढी माणुसकी माझ्यात आहे.

"पण मग लीलँडचं म्हणून का सांगितलंत?" मी विचारलं.

यासीनभाईंनी चष्मा काढून खिशात ठेवला. "रॉयचं म्हणून लावलं असतं, तर तुम्ही ऐकलं असतं? 'छान आहे' बोलला असता आणि चहा मागितला असता. लीलँडचं बोललो, तर सात वर्षं घामात बसलात. इंजिनियरसाहेबांनी डोळे मिटले. त्याच्या वाजवण्यावर कुणी डोळे मिटलेले मी तिथे एकदा पण नाही बघितले." मग थोडं थांबून म्हणाले, "पूर्ण नोकरीत ओरिजनल खोक्यात डुप्लिकेट माल एकदाच घातला मी. हाच."

खोली तापली होती, पण एसी लावायला कुणी उठलं नाही. प्रभुण्यांनी पुस्तिका पिशवीत घातली. मग ते उभे राहिले, शर्ट सारखा केला, आणि मंडळात ज्या आवाजात बोलतात त्या आवाजात म्हणाले, "मला वाटतं, आपण त्या अनाम कलावंतासाठी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं." मीही उठलो. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

यासीनभाई बसूनच होते.

"कशाला?" ते म्हणाले. "जिवंत आहे रॉय. अलाबामात टायरचं दुकान आहे त्याचं. गेल्या ईदला मी फोन केला होता."

"मग त्यांना सांगितलंत की नाही? की इथे त्यांचं गाणं ऐकतात म्हणून?"

"सांगितलं ना. बोलला, कुठलं गाणं? त्याला आठवतच नाही." यासीनभाई उठले आणि त्यांनी खिडकी उघडली. "माझं कोळंबीचं सालन आठवतं बोलला. ते कसं करायचं, ते विचारत होता."