परशराम आप्पांचा काळा पडदा

परशराम आप्पा कंप्यूटरशी कन्नडात बोलतात. माणसांशी मात्र मराठीत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "ह्यो आलाय ऑफिसातनं. ऑफिसातल्या वस्तूला कन्नडच कळणार की गं."

सीमाभागातल्या वडगावात आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर. जन्मभर साड्या विणल्या, आता गल्लीतल्या लोकांची गाणी दुरुस्त करून देतात. दुरुस्त म्हणजे असं, की एखादं गाणं एका मशीनवर वाजतं आणि दुसऱ्यावर अडून बसतं. आप्पा काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करतात आणि ते गाणं दुसऱ्या फॉरमॅटमध्ये काढून देतात. त्यांच्या कंप्यूटरवर चित्रं नाहीत, बाण नाही, माउस नाही. नुसती काळी पाटी आणि पांढरी अक्षरं.

त्याचं असं झालं. बेंगळुरूच्या मुलानं ऑफिसातला जुना कंप्यूटर पाठवला. वाटेत काय बिघडलं कोण जाणे, चालू केला की काळा पडदाच यायचा. मुलानं फोनवरून टाइप करायला शिकवलं, आणि कंप्यूटर असाच असतो असं धरून आप्पा दीड वर्ष त्याच्यावर काम करत राहिले. मग एकदा माझ्या शाळेत आले. माझ्या टेबलावरचा रंगीबेरंगी पडदा बघून त्यांना माझी दया आली.

"बाई, ह्ये बालवाडीचं हाय व्हय?"

दसऱ्याला मुलगा आला, म्हणाला नीट करून देतो. आप्पा कंप्यूटर आणि मुलगा यांच्या मधे उभे राहिले. "चालू मागाला हात लावायचा न्हाय!"

साडीच्या काठाची नक्षी पुठ्ठ्याच्या भोकांत असते. आप्पा भोकं पाडायचे तेव्हा एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं पाडायचं, अशी पद्धत. एक भोक चुकलं की काठावरचा मोर लंगडा. ती सवय त्यांनी कंप्यूटरला लावली. ओळ टाइप झाली की ते ती एकेक अक्षर मोठ्यानं वाचतात. "डॅश... आय... मग मोकळी जागा..." समोरच्यानं प्रत्येक अक्षराला "व्हय" म्हणायचं. सगळे "व्हय" जमले की एंटर. काम सुरू झालं की कंप्यूटरला "बा, बा" म्हणून जवळ बोलावतात. अडलं की कपाळाला आठ्या घालून "का?" म्हणून विचारतात, "याक?"

एवढ्यावर सुटका झाली असती तर मी तक्रार केली नसती. पण आप्पा माल तपासल्याशिवाय देत नाहीत, म्हणजे गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात आणि आपल्यालाही समोर बसवून ऐकवतात. एकदा एका नवरदेवाच्या वरातीचं गाणं अडलं. गाडी गल्लीच्या तोंडाशी, नवरदेव घोड्यावर, आणि करवला आप्पांच्या घरात चहाचा कप घेऊन बसलेला. गाणं पूर्ण झालं. करवला उठला. आप्पा म्हणाले, "बस. मधी जरा घोगरं वाटलं. परत ऐकूया." मी स्वतः एका भजनी मंडळाचं दीड तासाचं भजन तिथे बसून ऐकलंय. मंडळ माझं नव्हतं, मी साखर मागायला गेले होते.

तर अशा माणसाकडे यंदा माझं काम अडलं.

माझी धाकटी बहीण निपाणीला दिलेली. लग्नानंतर नऊ वर्षांनी तिला मुलगी झाली. बारसं रविवारी. तिनं हट्ट धरला, "आईचा पाळणा लागला तरच बारसं करीन." आमची आई जाऊन सहा वर्षं झाली. माझ्या मुलाच्या बारशाला याच घरात तिनं म्हटलेला पाळणा मी बटणाच्या फोनवर रेकॉर्ड केला होता. फोन मेला, त्यातलं कार्ड तेवढं डब्यात सापडलं. नव्या फोनमध्ये घातलं तर फाईल दिसते, उघडत नाही. बाजारातल्या दुकानदारानं कार्ड उलटसुलट करून सांगितलं, "खराब झालीय, सोडून द्या." आईचा आवाज आमच्याकडे दुसरा कुठेच नव्हता. त्या दुकानातून घरी येईपर्यंत मला रस्ता दिसत नव्हता.

आप्पांनी हात धुऊन कार्ड घेतलं. आधी मूळ फाईलची प्रत काढली. मग ओळ टाइप केली, वाचली. मी प्रत्येक अक्षराला "व्हय" म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा मनापासून. एंटर. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी कुरकुर आली.

"याक?" आप्पा म्हणाले.

आप्पांनी चष्मा पुसला, ओळीत एक मोकळी जागा जास्त पडली होती ती काढली. पुन्हा एंटर. या वेळी आकडे भराभर पळाले. "बा, बा, बा..." आणि स्पीकरमधून मागांचा खडखडाट सुरू झाला.

"आक्का, आवाज लई येतोय गं!" आई म्हणाली.

अगदी तिचाच आवाज. मग खडखडाट थांबला. भिंतीपलीकडून कुणीतरी ओरडलं, "थांबिवला बघ माग. म्हण आता, इंदू!" आणि आईनं पाळणा धरला. मी तोंडाला पदर लावून रडले. छातीवरचं ओझं असं उतरलं, की पाळणा संपून माग पुन्हा सुरू झालेलं मला कळलंही नाही.

डोळे पुसले आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली. म्हटलं, "आप्पा, सुरुवातीचे वीस सेकंद कापा. तो खडखडाट, ती आरडाओरड कशाला? थेट पाळणाच लागू दे."

आप्पांनी ओळ टाइप केली. वाचायला लागले. वीसच्या आकड्यापाशी थांबले. बोट एंटरवर गेलं आणि तिथेच राहिलं.

"शुभा, ह्ये तूच दाब. माझ्यानं न्हाय हुईत."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. भिंतीपलीकडची ती बाई म्हणजे रुक्माक्का. आप्पांची बायको. आई गेली त्याच्या पुढच्याच वर्षी ती गेली, आणि मग आप्पांनी माग विकले.

"तिचा आवाज माझ्याकडं कुटंच न्हाय बघ," आप्पा पडद्याकडे बघत म्हणाले. "साऱ्या गावाची गाणी ऐकतोय मी. पर तिला कधी बोल म्हणून मशीन धरलं न्हाय. मागाच्या आवाजात आमी जलमभर वराडूनच बोललो. भांडान बी वराडून, लाड बी वराडून."

मला स्वतःची लाज वाटली. मी हात पुढे केला आणि ती ओळ एकेक अक्षर करत खोडली. म्हटलं, "सगळंच राहू दे. एक प्रत तुमच्याकडे ठेवा. आणि रविवारी निपाणीला यायचं. कारणं सांगायची नाहीत."

आप्पा आले. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला टोपी, दाराशी अवघडून उभे. बाळाला पाळण्यात घातलं आणि मी फोन स्पीकरला जोडला. खडखडाट सुरू होताच बायका दचकल्या. "अगं बाई, ह्ये काय लावलंस?" तेवढ्यात रुक्माक्काची हाक आली, आणि बहीण किंचाळलीच, "काकू!"

तिनं पाळण्याची दोरी नेऊन आप्पांच्या हातात दिली. "काकू असती तर तिनंच हलवला असता. तुम्ही हलवा." भरल्या घरात बायकांच्या घोळक्यात पाळणा हलवायचा म्हणजे आप्पांना घाम फुटला. पण हलवला. आईचा पाळणा संपला, पाठोपाठ माग पुन्हा खडखडू लागला. मी घाईघाईनं बंद करायला धावले. बहिणीनं माझा हात धरला. बाळाचे डोळे मिटत चालले होते.

"आमची पोरं बी अशीच झोपायची," आप्पा म्हणाले, आणि दोरी हलवत राहिले.