लुंबावाचं मीठ

जगात कुठंही नवा देश जन्माला आला की वडगावात आमच्या गल्लीत पेढे येतात. ते वाटणारे म्हणजे आमचे शेजारी नारूअण्णा. घरात चार यंत्रमाग, अंगावर सदैव सुताचा भुगा आणि मागांच्या वर भिंतीवर जगाचा नकाशा. दक्षिण सुदान वेगळा झाला तेव्हा अण्णांनी निळ्या पेन्सिलीनं स्वतः हद्द मारली. ती थोडी इथिओपियात घुसली, पण तिकडून अजून तक्रार आलेली नाही.

पेढा तोंडात विरघळायच्या आत अण्णांचा प्रश्न यायचा, "मास्तर, त्येंचं मीठ कुठनं येतं?"

मी भूगोलाचा मास्तर. राजधानी सांगायचो, नद्या सांगायचो. "नद्या ऱ्हाऊ द्यात वो. येगळं झाल्याव थोरल्यानं बाजार चालू ठेवला का न्हाय, त्येवडं बोला." सुदानची सीमा बंद होऊन माल अडकल्याचं मी पेपरातून वाचून दाखवलं, त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. त्यांच्या पत्नी पारूआक्का मला म्हणाल्या, "तुमी पेपर तुमच्या घरात वाचत जावा."

याचं कारण गल्लीला ठाऊक होतं. अण्णांचा धाकटा भाऊ शंकर भांडून वेगळा झाला होता आणि पाठच्याच गल्लीत माग चालवत होता. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला की त्याच्या टोकांना नव्या ताण्याचा एकेक धागा पिळून जोडावा लागतो. हजारो धागे. त्या कामात अख्ख्या वडगावात अण्णांचा हात धरणारा कुणी नाही. पण वेगळं होताना अण्णा बोलून बसले, "माजा हात आता तुज्या मागाला लागनार न्हाय!" तेव्हापासून जोडणाऱ्याची वाट बघत शंकरचा माग आठ-आठ दिवस बंद पडायचा, आणि तो बंद पडला की अण्णांना आपल्या मागांच्या खडखडाटातही बरोबर कळायचं.

आता माझा पराक्रम. नवे देश फार सावकाश होतात, आणि मला पेढे आवडतात. एका रविवारी मी 'लुंबावा' नावाचा देश जन्माला घातला. भूगोलाचा मास्तर खोटं कशाला बोलेल? अण्णांनी खडेबाजारातून पेढे आणले. मी चार खाल्ले. मग रोज चौकशी सुरू. मीठ शेजारच्या थोरल्या देशातून येतं, असं मी सांगून टाकलं. गोष्ट रंगात आली की मला थांबता येत नाही. तिसऱ्या दिवशी म्हणालो, "पण थोरल्यानं सीमा बंद केलीय."

अण्णा मटकन कट्ट्यावर बसले. "किती दिस?"

"कायमची म्हणतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वहीचा कागद घेऊन दारात हजर. "हे विंग्रजीत करून त्या थोरल्याला धाडा."

कागदावर लिहिलं होतं : 'रागाच्या भरात बोलून गेलासा. धाकटा मागायला येनार न्हाय, त्येला लाज वाटती. तुमीच जावा.'

मी कागद त्यांच्या हातात परत दिला. "अण्णा, असा देशच नाही. मी आपला बनवला."

"देश न्हाय?"

"नाही."

"मग त्यो थोरला?"

"तोही नाही."

अण्णा कागदाकडं बघत राहिले. "मग म्या ह्ये लिवलं कुनाला?"

इतकी वर्षं नकाशावर बोट ठेवत आलो; या वेळी ते पाठच्या गल्लीकडं केलं.

"लई बावळट हायसा, मास्तर," म्हणत अण्णांनी चपला सरकवल्या आणि पाठच्या गल्लीची वाट धरली. मी आरोपीसारखा मागोमाग.

शंकरचा माग बंदच होता. जुन्या ताण्याची टोकं तशीच लोंबत होती. अण्णा थेट मागापुढं बसले, धागा निसटू नये म्हणून चिमटीला राख लावली आणि पहिला धागा पिळला. शंकर चहाचा कप घेऊन दारात थिजलेला.

"किती धागं हाईत?" अण्णांनी मान वर न करता विचारलं.

"चार हजार."

"मग बसतोस का बगत हुबा ऱ्हातोस?"

शंकर समोर येऊन बसला. दोघांची बोटं चालू लागली. मग तो हळूच म्हणाला, "अण्णा, राख लई लावालायस."

"तू मला शिकीव आता!" अण्णा खेकसले, आणि पुढचा धागा त्याच्या हातात दिला.