आंदणाचा पलंग

शहाऐंशी सालची गोष्ट. लेकीच्या लग्नाला महिना उरला असताना चुडाव्याच्या भुजंगरावांनी आंदणाचा सागवानी पलंग सरकवला, तर खाली पिठासारखा भुसा. एका पायाला टाचणीएवढी भोकं. भुंगा लागला होता. सेलूचे व्याही माणिकराव वस्तू ठोकून घेणारे. किडका पलंग दिसला तर भर मांडवात लेकीला बोल लावतील, हे बायकोनं, केवळाबाईंनी, भुजंगरावांना दोनदा ऐकवलं.

भुजंगरावांनी परभणीच्या कृषी विद्यापीठात पत्र धाडलं. कीटकांच्या प्राध्यापकांचं उत्तर आलं : किडा घेऊन या. किडा नेमका कुठं बसलाय ते बाहेरून कळेना, म्हणून भुजंगरावांनी अख्खा पलंगच पॅसेंजरच्या गार्डाच्या डब्यात चढवला.

प्राध्यापकांनी पाय चिरला, भिंगातून पाहिलं आणि भुजंगरावांना खुर्ची दिली.

"अशा किड्यांना झायलोफॅगस म्हणतात. ग्रीक शब्द आहे. झायलॉन म्हणजे लाकूड, फॅगस म्हणजे खाणारा."

"आमी भुंगा म्हणतो. मरतो कशानं?"

"मारायचा नाही. ही जात इकडं मी पहिल्यांदाच पाहतोय. पलंग वर्षभर इथंच राहू द्या."

लग्नाचं सांगून झालं, पण पाय आधीच चिरलेला. भुजंगराव शिक्क्याची पावती घेऊन परतले आणि तीच त्यांनी व्याह्यांपुढे ठेवली.

माणिकरावांनी ती उलटसुलट पाहिली. "म्हंजी पलंगाला विद्यापीठात नोकरी लागली म्हणा की."

पलंग डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत, असं बजावून ते दुसऱ्याच दिवशी परभणीला गेले.

पलंग काचेच्या दाराआड होता. वर ट्यूबलाइट, खाली पांढरा कागद. दोन विद्यार्थी गुडघ्यांवर बसून भुसा गोळा करत होते. माणिकरावांनी सवयीनं ठोकायला हात पुढे केला, तसा एक जण हळूच म्हणाला, "काका, हात नका लावू. आत ते खायलेत."

माणिकरावांनी हात मागे घेतला. मग पाटी वाचली : 'झायलोफॅगस कीटक. पलंग देणारे : भुजंगराव, चुडावा.' ती त्यांनी पुन्हा वाचली. काही अडचण आहे का, असं प्राध्यापकांनी विचारलं.

"पाटी चुकली हाय. आंदण पोचलं की वस्तू वरबापाची. माणिकराव, सेलू, असं लिवा."

"पण हा पलंग तुम्हाला पोचला कुठं?"

माणिकरावांनी खिशातून पेन काढलं. "पोचला म्हणून लिवून देतो. सही कुठं करू?"