विनायकरावांचा कुरव

माझे थोरले साडू विनायकराव थंडीच्या दिवसांत माणसं पायांवरून ओळखतात. माझ्या मुलीला बघायला मुलगा आला, तेव्हा त्यांनी आधी त्याचे पाय पाहिले, मग नाक. पोहे संपता संपता माझ्या कानाशी लागून म्हणाले, "डोक्यावर जाऊ नका. डोकं ऋतूप्रमाणे बदलतं." जावयाला आता टक्कल पडत चाललंय, म्हणजे इथेही तेच बरोबर.

दोष कुरवांचा. कुरव म्हणजे समुद्रावरचे ते पांढरे पक्षी. हिवाळ्यात त्यांतले काही आमच्या मुळा-मुठेवर उतरतात. एवढा समुद्र सोडून इथेच का, ते त्यांनाच ठाऊक. एक जात काळ्या डोक्याची, एक तपकिरी डोक्याची. पण थंडीत दोन्हींची डोकी पांढरी, कानामागे काळा ठिपका तेवढा उरतो; मग ओळखायचं पायांवरून आणि चोचीवरून. मला ते लाँड्रीतून आलेल्या शर्टांसारखे एकाच मापाचे दिसतात. विनायकरावांना तसे दिसत नाहीत. विश्रांतवाडीहून सकाळी स्कूटर काढायची, नदीकाठी उभं राहायचं आणि दुसऱ्यांच्या चुका काढायच्या, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा व्यवसाय. स्वतः ते चुकत नाहीत. रस्ता चुकले, तर रस्ता भलतीकडे गेलेला असतो.

गेल्या जानेवारीत त्यांचा फोन आला. "साक्षीदार हवाय. दुर्बीण माझी. तुम्ही फक्त डोळे आणा."

काठाजवळच्या खडकावर एक पक्षी बसला होता. पहिल्यांदा मला ती प्लॅस्टिकची पिशवी वाटली.

"अहो, चोच बघा! केवढी लांब! कानामागे काळा ठिपका नाही. बारीक चोचीचा कुरव आहे हा. पुण्यात कोणी पाहिलाय?"

मी नव्हता पाहिला, हे खरंच होतं.

त्यांनी लगेच पक्षीमित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो टाकला. हिंजवडीच्या कंपनीतल्या निरंजनचं उत्तर आलं, "सर, बसलेल्या फोटोवरून नाही मानणार. पंख उघडलेला हवा. आम्ही निघतोय, शेव घेऊन येतो. शेव उधळली की उडतोच." विनायकरावांनी त्याला वर्षभर गटावर सळो की पळो करून सोडलं होतं.

"मीच टाळी वाजवतो की," मी म्हणालो आणि हात वर केले.

विनायकरावांनी माझे दोन्ही हात धरले. घट्ट. "थकलाय तो, सुधाकरराव. एक पंख बघा कसा सोडलाय. कुठून भरकटत आलाय, कोण जाणे. त्याचं दुसरं कोणीही नाही इथे."

मग त्यांनी मोबाईल उघडला, काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी टाईप केलं, "माझी चूक झाली. साधा कुरवच आहे. येण्याचे कष्ट घेऊ नयेत."

गटावर दिवाळी झाली. हसून हसून रडणारे चेहरे, टाळ्या. निरंजननं तर विचारलं, "सर, चष्म्याचा नंबर वाढला का?" विनायकरावांनी त्यावर अंगठा दिला. संध्याकाळी मी मेहुणीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "चूक झाली? असं लिहिलं त्यांनी? मला तर लग्नाच्या वाढदिवसालाही कधी म्हणाले नाहीत."

पुढचे काही दिवस ते गटावर गप्पच होते. नदीवर मात्र रोज जात. आजूबाजूची कुत्री हाकलत बसत, असं मागाहून कळलं.

मग एका सकाळी स्वतःहून घरी आले. चहा घेता घेता म्हणाले, "गेला."

मला एकदम हुरूप आला. "म्हणजे उडाला! मग पंख पाहिलेत ना? टाका की गटावर! त्या निरंजनचं तोंड बंद होईल."

त्यांनी कप खाली ठेवला.

"पंख बघायचे राहिले," ते म्हणाले. "नीट उडाला, तेवढं पाहिलं."