तेल उतरू द्या

सकाळी मी डब्यात पोळ्या भरत असते, तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजतो. दूधवाला नव्हे. मेश्रामकाका त्यांची जुनी जीप घेऊन इंजिनाचं तेल तपासायला आलेले असतात. कुठून, तर आमच्यापासून तिसऱ्या घरून.

"लेव्हल पायजे, बाई. गाडी तिरपी असली तं तेल खोटं बोलते."

आमच्या पवनीच्या गल्ल्या वैनगंगेकडे उतरतात, आणि काकांच्या मते मोहल्ल्यात सपाट जागा एकच, आमचं अंगण. हा मान आम्ही काही मागितला नव्हता.

जीप चारही चाकांनी ओढणारी, जंगलासाठी घडवलेली. भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा काकांच्या ऑफिसातली टेबलं-कपाटं दोन्हीकडे वाटली गेली. ही जीप मात्र कोणालाच नको होती. लिलावात निघाली, ती काकांनी घेतली. "मले टाकून द्या अन् गाडी ठेवा," काकू म्हणाल्या होत्या. काकू आता नाहीत. गाडी आहे.

इंजिन बंद केलं की थांबायचं. वर चढलेलं तेल तळाशी उतरायला दहा मिनिटं लागतात, असा काकांचा कायदा. तेवढा वेळ ते आमच्या ओट्यावर बसतात, चहा घेतात आणि बोलतात. धानावरचा तुडतुडा, पुण्यातल्या पोराला सुट्टी न देणारा साहेब, बाजारातल्या वांग्यांची कीड. इकडे मला भंडाऱ्याची एसटी गाठायची असते. मी घड्याळाकडे पाहिलं की म्हणतात, "उतरू द्या, उतरू द्या." हे त्यांचं सगळ्यावरचं औषध. ताप असला तरी हेच, आणि माझी नणंद नवऱ्याशी भांडून आली तेव्हा तिलाही हेच.

मग बॉनेट उघडायचं. तेल मोजायची पट्टी काढायची, फडक्याला पुसायची, परत आत घालायची, पुन्हा काढून डोळ्यासमोर धरायची. तेल रोज खालच्या खुणेच्याही खाली, आणि काका रोज समाधानानं म्हणतात, "बरोबर हाय." मला वाटायचं, मोतीबिंदू पिकलाय.

आमच्या ह्यांनाही तसंच वाटलं. एकदा काका कप ठेवायला आत गेले, तेवढ्यात ह्यांनी दया येऊन जीपमधल्या डब्यातलं तेल पार वरच्या खुणेपर्यंत ओतलं. दुसऱ्या दिवशी जीप निळा धूर सोडत आली. निम्मी गल्ली खोकत होती.

"कोनं टाकलं? जास्त झालं ना तेल. इंजन उलटी करून राहिलं."

खुणेपर्यंतचं तेल जास्त कसं, हे आम्हाला कळेना. काका जीपखाली आडवे झाले, तळाचा नट ढिला केला आणि माझ्या चांगल्या दुधाच्या गंजात जादा तेल काढून घेतलं. नट आवळला, दम खाल्ला, पट्टी पाहिली. तेल पुन्हा खुणेच्या खाली. "आता बरोबर हाय," काका म्हणाले. तो गंज मी परत चुलीवर चढवला नाही.

या उन्हाळ्यात मात्र मी थकले. एसटी पुन्हा चुकली, ऑफिसात बोलणी बसली. आमच्या ओट्याच्या डागडुजीला मिस्त्री आला होता. त्याला म्हटलं, काकांच्या अंगणात जीपपुरता सपाट कोबा करून दे, एकदाची सुटका होऊ दे. तो लेव्हल पाहायची पाण्याची नळी घेऊन गेला आणि लगेच परत आला.

"तेथं काय करू, मॅडम? त्याईचं आंगन तं ताटासारखं सपाट हाय. उतार तं तुमच्याच इथं हाय."

त्यानं आमच्या फाटकापासून विहिरीपर्यंत नळी धरून दाखवली. उतार चांगला वीतभर होता.

दुसऱ्या दिवशी काकांनी पट्टी डोळ्यासमोर धरली. "बरोबर हाय."

"काका, खुणेच्या खाली दिसून राहिलं ना."

"तुमच्या आंगनात इतलं कमीच दाखवते, बाई. घरी पाहूनच येतो ना मी."

तोंडून निघून गेलं. पट्टी पुसलेली होती, तरी पुसत राहिले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "घरी हे दहा मिनटं सरत नाही, बाई."

इतकी वर्षं हा माणूस आमच्या अंगणाचा उतार मनात धरून बरोबर-चूक ठरवत होता, आणि मी घड्याळ पाहत होते. काकांनी बॉनेट लावलं. किल्ली काढायला खिशात हात घातला.

"काका," मी म्हटलं, "एकदा चालू करून परत पाहा ना. मले नीट दिसलं नाही."

"चालू केली तं पुन्हा थांबा लागते."

"मंग थांबा."

डबा ओट्यावर ठेवून मी चहा टाकायला आत गेले. एसटी तशीही गेलीच होती.