शुक्रावरचा कापितोलिना खड्डा

मृत्यूची बातमी आधी कार्यालयाला कळते आणि मग घराला, हा सर्वत्र मान्य क्रम आहे. माझी बायको कापितोलिना, घरात कापा, मॉस्कोतल्या एका संस्थेत शुक्राच्या नकाशाच्या पट्ट्या चिकटवता चिकटवता टेबलावरच गेली. विभागप्रमुख अर्कादी ल्वोविच यांनी मला ट्रॉलीबसच्या डेपोत फोन केला. "सावेली गोर्देइच, धीर धरा. आणि येताना त्यांच्या कपाटाची किल्ली आणा."

शुक्र हा अत्यंत शिस्तीचा ग्रह आहे. तापमान साडेचारशे अंशांच्या वर, आणि रात्रंदिवस तेवढंच. (आमच्या इमारतीच्या हीटरबद्दल असं म्हणता येत नाही.) पाऊस तेजाबाचा असतो, पण जमिनीवर पोचायच्या आत त्याची वाफ होते, त्यामुळे छताची तक्रार नाही. आणि तिथल्या डोंगरांना, खड्ड्यांना नावं बायकांची, एखादा अपवाद सोडला तर.

म्हणून मी अर्ज केला: एक खड्डा कापाच्या नावे करावा.

अर्कादी ल्वोविचनी नियम सांगितला. मोठा खड्डा थोर स्त्रीला, आडनावासकट. लहान खड्ड्याला नुसतं नाव, आणि ते कुणा एकीचं नसतं.

"म्हणजे कापा थोर नव्हती?"

"होत्या हो. पण कुठे छापून आलंय का?"

"अहो, तिने अख्ख्या उत्तर गोलार्धाला डिंक लावलाय!"

"डिंक जमेत धरत नाहीत, सावेली गोर्देइच."

लहान खड्ड्यांचाही तुटवडाच. शुक्रावर हवेचा दाब आपल्या नव्वदपट. खड्डा पाडायला वरून येणारा लहानसहान दगड वाटेतच जळून जातो, खाली पोचायला वजन लागतं. नामकरण समितीच्या भोवतीही असंच वातावरण आहे. माझे अर्ज वाटेतच जळत. शेवटी आर्मेनियन कोन्याकची बाटली पाठवली, ती थेट जमिनीपर्यंत पोचली.

खड्डा मंजूर झाला. शेरा: 'कापितोलिना, रशियन स्त्री-नाव.'

त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरची कापितोलिना फोमिनिच्ना केक घेऊन दारात. या बाईने आमच्या न्हाणीघरात दोनदा पूर आणला होता, आणि कापा तिच्याशी बोलत नसे.

"अहो, माझ्या नावाचा खड्डा! रुंद आहे ना चांगला?"

"तो माझ्या बायकोचा आहे."

"तिचा कसा? कागदावर आडनाव आहे तिचं? नाही ना? मग अर्धा माझा. चहा टाका."

टाकला. केक चांगला होता.

मग हिशेब लावला. देशातली प्रत्येक कापितोलिना त्या खड्ड्याची मालकीण ठरते. (माझ्या मेहुण्याच्या गावची एक शेळीसुद्धा. नियमात शेळीला मनाई नाही.) कापाच्या वाट्याला फार तर तीन पायऱ्यांएवढी जागा येते, तीही साडेचारशे अंशांवर.

वाचकांनी नाउमेद होऊ नये. आपल्या बायकोचं नावही पाठवून बघावं. पात्रता एकच: ती कुणी विशेष नसावी. एवढं तुम्ही लेखी सहज द्याल, तोंडी तर घरात रोजच देता.

दफनभूमीत आडनाव चालतं, बापाचं नावही चालतं. कापाच्या दगडावर ते कोरायचं अजून राहिलं आहे.