ताऱ्याला इस्त्री

मोठ्यांनी थरथरू नये, हा सर्व सुसंस्कृत संस्थांचा पाया आहे. आमच्या वेधशाळेने हा नियम आकाशालाही लागू केला, याचा आम्हाला रास्त अभिमान आहे.

वस्तुस्थिती अशी की, सूर्याच्या वीसपट वजनाच्या ताऱ्यांचा प्रकाश सतत हलकासा खालीवर होत असतो. तळमजल्यावरच्या मंडळींच्या मते ताऱ्याच्या गाभ्यात उकळी फुटते, तिच्या लाटा आतल्या आत प्रवास करत वर येतात आणि पृष्ठभाग हलतो. वरच्या मजल्यावरच्यांच्या मते गाभ्याचा काडीचा संबंध नाही. सालीखालीच एक पातळ थर खदखदतो, हे सगळे त्याचेच उपद्व्याप. (दोन्ही मजल्यांचं बोलणं बंद आहे. लिफ्टमध्ये सगळे वर बघतात. तसं आमचं कामच ते.) शेवटी समेटासाठी समिती नेमली. थरथर ही कॅमेऱ्याची चूक आहे, असा तिने निर्णय दिला, तेव्हा एकशेचार टक्के सभासद समाधानी होते (वरचे चार पाहुणे).

तेव्हापासून कुठल्याही ताऱ्याच्या प्रकाशाचा आलेख बाहेर पाठवण्याआधी सपाट केला जातो. या कामाला आमच्याकडे प्रेमाने इस्त्री म्हणतात.

पंचाईत झाली ती धाकटीची. ही आमची सगळ्यांत नवी संशोधक. तिने काही वर्षं एकाच ताऱ्याची थरथर मोजली आणि तिच्यात थेट गाभ्यातून आलेल्या लाटांची खूण शोधून काढली. (असं करायला तिला कोणी सांगितलं नव्हतं.) पदवी त्या प्रबंधावर, नोकरी पदवीवर, आणि आईवडील नोकरीकडे डोळे लावून बसलेले. प्रबंध घेऊन ती मोठ्या सरांकडे गेली. सरांनी तो मनापासून वाचला, वा वा म्हटलं, चहा मागवला.

"तारा छान आहे गं तुझा," सर म्हणाले. "फक्त जरा शांत करून आण."

"सर, शांत केल्यावर त्यात उरेल काय?"

"पदवी."

(सर दुष्ट नाहीत. त्यांनी स्वतःचं बिस्किट तिला दिलं.)

धाकटी घरी जाऊन पोटभर रडली आणि दुसऱ्या दिवशी तिने इस्त्री केली. तोंडी परीक्षेत विचारण्यात आलं, ताऱ्याच्या आत काही विशेष घडतं का?

"काही नाही, सर."

आवाज जरा थरथरला. परीक्षकांनी तो माइकचा दोष धरला आणि तिला एकमताने उत्तीर्ण केलं.

वाचकहो, तिला हसू नका. आज सकाळी तुम्हालाही कोणीतरी "कसं काय?" विचारलं, आणि तुम्ही "मजेत" म्हणालात. तिला निदान पदवी तरी मिळाली.